सोयाबीन मंडीत नेताना ट्रॉलीचे पट्टे: कोणते घ्यावेत आणि वाटेत पुन्हा का आवळावेत

इंदूर, देपालपूर, सांवेर आणि महू या भागांत सोयाबीनची काढणी दसऱ्याच्या आगेमागे उरकते आणि दिवाळीचा खर्च समोर असल्याने माल लगोलग मंडीत न्यावा लागतो. नेमक्या याच दिवसांत परतीच्या पावसाची सर संध्याकाळी येते आणि अर्ध्या तासात रस्ता भिजवून जाते. चार महिने जपलेला माल शेवटच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये रस्त्यावर सांडलेला मी दर हंगामात पाहतो. बहुतेक वेळा कारण एकच असते: खळ्यावर बांधलेला पट्टा वाटेत कोणीही पुन्हा आवळलेला नसतो. म्हणून या सल्ल्यात काढणीची कामे थोडक्यात दिली आहेत आणि बांधणीवर सविस्तर लिहिले आहे.

काढणी ते भरणी:
– ९० टक्के शेंगांचा रंग बदलल्यावर कापणी.
– बियाण्याच्या मालासाठी थ्रेशरची गती मिनिटाला ३५० ते ४०० फेरे.
– विक्रीच्या मालात ओलावा १२ टक्क्यांपर्यंत, बियाण्यात १० टक्के.
– बियाण्याच्या पोत्यांची थप्पी चार-पाच थरांपर्यंतच.
– बियाण्याची पोती उंचावरून टाकू नयेत.

आता मूळ मुद्दा. कट्ट्यातील (भरलेल्या पोत्यातील) दाणा सुटा असतो आणि ताज्या भरलेल्या कट्ट्यात पोकळी राहते. ट्रॉली कच्च्या वाटेने निघाली की धक्क्यांनी दाणा बसत जातो, कट्टा चपटा होतो आणि सगळा थर दोन-तीन बोटे खाली उतरतो. पॉलिएस्टरचा पट्टा ताणाखाली फारसा लांबत नाही, हा त्याचा गुण आहे. पण त्याच गुणामुळे माल थोडासा जरी बसला तरी पट्ट्यातील ताण झपाट्याने उतरतो. खळ्यावर तीन जणांनी मिळून आवळलेला पट्टा डांबरी रस्त्याला लागेपर्यंत हाताने हलवता येईल इतका सैल झालेला असतो आणि ट्रॅक्टरवर बसलेल्याला मागचे काही दिसत नाही. म्हणून जिथे कच्ची वाट संपून पक्का रस्ता सुरू होतो, तिथे ट्रॅक्टर थांबवून प्रत्येक पट्टा पुन्हा आवळावा. शेत थेट पक्क्या रस्त्यालगत असेल तर पहिल्या पाच किलोमीटरच्या आत थांबावे. रात्री भरून ठेवलेली ट्रॉली सकाळी निघण्यापूर्वी नव्याने आवळावी.

पट्टा निवडताना हेच ध्यानात ठेवावे, की तो रस्त्याच्या कडेला, एकट्या माणसाला, जमिनीवर उभे राहून पुन्हा आवळता आला पाहिजे. दोरी इथेच मागे पडते. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, ओली झाली की आणखी सैल पडते, आणि गाठ मारलेल्या जागी तिची ताकद बरीच कमी होते. शिवाय दोरी पुन्हा आवळायची म्हणजे गाठ सोडून, दोघांनी ओढून पुन्हा बांधायची, आणि अंधारात मंडी गाठायची घाई असताना हे कोणी करत नाही. पॉलिप्रॉपिलिनचा स्वस्त पट्टा उन्हात लवकर कुजतो. म्हणून रॅचेटचा, म्हणजे दांडा वर-खाली करून आवळायच्या यंत्राचा, ५० मिलिमीटर रुंदीचा पॉलिएस्टर पट्टा घ्यावा. युरोपीय मानकाप्रमाणे बनलेल्या पॉलिएस्टर पट्ट्याचे लेबल निळे असते. हिरवे लेबल नायलॉनचे आणि तपकिरी पॉलिप्रॉपिलिनचे.

दुकानात मात्र पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘५ टन’ हा आकडाच दाखवला जातो आणि त्यावरून किंमत सांगितली जाते. तो आकडा अनेकदा पट्टा तुटण्याच्या वेळचा असतो, वापरण्याचा नव्हे. शिवलेले लेबल उलटून पाहावे. त्यावर ‘एलसी’ म्हणजे सरळ ओढीत पट्ट्यावर टाकता येणारा कमाल भार असतो आणि तो तुटण्याच्या आकड्याच्या साधारण निम्मा असतो. त्याखाली ‘एसटीएफ’ हा आणखी एक, फार छोटा आकडा असतो. रॅचेटचा दांडा हाताने ५० किलोच्या जोराने दाबला असता पट्ट्यात जो ताण उरतो तो हा आकडा सांगतो. लेबलवर तो डेकान्यूटनमध्ये असतो. व्यवहारात एक डेकान्यूटन म्हणजे एक किलोचा जोर समजावा. चांगल्या ५० मिलिमीटर पट्ट्याचा हा आकडा ३०० च्या आसपास असतो. पोत्यांवरून आडवा टाकलेला पट्टा माल दाबून धरतो, लटकवून धरत नाही, त्यामुळे आपल्या कामाचा आकडा हाच आहे. १० टनांचा महागडा पट्टा घेऊनही रॅचेट तेवढाच ताण देणार असेल तर जादा पैसे वाया गेले. ज्या पट्ट्यावर लेबलच नाही तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

हिशेब करून पाहिला की पुन्हा आवळण्याचे महत्त्व स्पष्ट होते. समजा फाळक्याच्या, म्हणजे ट्रॉलीच्या कडेच्या पाट्याच्या, वर दोन थर आहेत, ५० किलोचे २० कट्टे, म्हणजे १ टन माल. वळणावर किंवा खड्ड्यात चाक उतरल्यावर बाजूला जाणारा जोर वजनाच्या निम्मा धरतात, म्हणजे ५०० किलो. प्लॅस्टिकच्या विणलेल्या कट्ट्यांचे घर्षण ०.३ धरले तर माल आपल्या वजनाने ३०० किलो थोपवतो. उरलेले २०० किलो थोपवण्यासाठी वरून सुमारे ६७० किलोचा जादा दाब लागतो. एक पट्टा आडव्या पातळीशी ६० अंशांच्या कोनात उतरत असेल आणि त्यात ३०० किलोचा ताण असेल, तर रॅचेटच्या विरुद्ध बाजूला ताण कमी पोहोचतो हे गृहीत धरून त्याचा दाब साधारण ३९० किलो भरतो. दोन पट्ट्यांचे ७८० झाले, माल थांबला. पण माल बसून ताण निम्मा झाला की तेच दोन पट्टे ३९० किलोच दाब देतात आणि वळणावर वरचा थर सरकतो. पट्टा तुटलेला नसतो, टोकाचा हूक निखळलेला नसतो, तरी माल रस्त्यावर असतो. दोनऐवजी तीन पट्टे टाकल्याने थोडी सवड मिळते, आणि मी तीनच टाकण्यास सांगतो, पण पुन्हा न आवळलेले तीन पट्टेही या हिशेबात अपुरेच पडतात.

कोनाकडे कोणी पाहत नाही. माल फाळक्याच्या वर जेमतेम एक थर असला तर पट्टा जवळजवळ आडवा पडतो. ३० अंशांच्या कोनात त्याचा दाब ९० अंशांच्या तुलनेत निम्म्यावर येतो. माल फाळक्याच्या खालीच असेल तर पट्टा दोन फाळक्यांवर टेकून हवेत ताणलेला राहतो आणि मालाला शिवतही नाही. अशा वेळी मधले कट्टे एक थर उंच घ्यावेत, म्हणजे पट्टा त्यांवरून दोन्हीकडे उतारावर जाईल. कट्टे रचताना विटांच्या भिंतीप्रमाणे सांधे मोडावेत आणि तोंडे आतल्या बाजूला ठेवावीत. ताग आणि प्लॅस्टिक असे दोन्ही बारदान असेल तर तागाची पोती वरच्या थरात घ्यावीत. तागाची पोती एकमेकांना धरून राहतात, प्लॅस्टिकचे कट्टे एकमेकांवरून घसरतात.

पट्ट्याचा हूक फाळक्याच्या बिजागरीत किंवा साखळीत अडकवू नये. धक्क्याने फाळका उघडला की पट्टाही गेला. चॅसीच्या चौकटीला, फाळक्याच्या खाली, लोहाराकडून जाड सळईच्या कड्या वेल्ड करून घ्याव्यात, प्रत्येक बाजूला किमान चार. ट्रेलर विकणारे यासाठी तयार ‘किट’ गळ्यात मारतात. गावच्या वेल्डरने नीट केलेली कडी त्या किटपेक्षा कमी टिकलेली मी पाहिलेली नाही. रॅचेट एका पट्ट्याला डावीकडे, पुढच्याला उजवीकडे, असे आलटून पालटून ठेवावेत, म्हणजे दोन्ही बाजूंना ताण सारखा राहतो. लोखंडी कडेवरून पट्टा जात असेल तिथे जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा घालावा.

वापरण्यापूर्वी:
– कड १० टक्क्यांपेक्षा जास्त कापलेली, म्हणजे ५० मिलिमीटरच्या पट्ट्यावर ५ मिलिमीटर: पट्टा बाद.
– शिवण उसवलेली: बाद.
– हूक वाकलेला किंवा उघडलेला: बाद.
– पट्ट्यात पीळ नको, गाठ नको.
– रॅचेटच्या रोळीवर, म्हणजे पट्टा गुंडाळला जातो त्या आसावर, किमान दीड वेढा, तीनपेक्षा जास्त नको.
– दांड्याला पाइप लावून जोर देऊ नये.

ताडपत्रीबाबत एक चूक सर्रास होते. पट्टे आवळले जातात आणि त्यांवरून ताडपत्री खालपर्यंत ओढून दोरीने जखडली जाते. मग रॅचेट आत झाकले जाते आणि पावसात ताडपत्री सोडून ते कोणीही आवळत नाही. पट्टे थेट पोत्यांवर टाकावेत, ताडपत्री वर स्वतंत्र दोरीने बांधावी आणि रॅचेट तिच्या कडेखाली, उघड्यावर, हात पोहोचेल अशा उंचीवर राहतील इतकीच ती खाली ओढावी. ताडपत्री पाऊस अडवते. माल धरून ठेवण्याचे काम तिचे नाही.

आभाळ भरून आलेले दिसले तरी आवळणे टाळून ट्रॅक्टर दामटू नये. सर येऊन गेल्यावरही थांबून पट्टे पाहावेत. पॉलिएस्टर ओले झाल्याने विशेष सैल पडत नाही, पण ओले प्लॅस्टिकचे कट्टे अधिक घसरतात आणि घर्षणाचा आधार तेवढा कमी होतो. खंडवा रस्त्याने येणाऱ्यांनी सिमरोलच्या भेरू घाटापूर्वी आणि आग्रा-मुंबई रस्त्याने येणाऱ्यांनी मानपूरच्या घाटापूर्वी थांबणे चुकवू नये. घाटात उतारावर ब्रेक लावताना पुढे जाणारा जोर वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत धरतात, त्यामुळे पुढचा थर पुढच्या फाळक्याला टेकलेलाच हवा, मध्ये वीतभरही जागा नको.

पट्टा पुरेसा आवळला की नाही हे मी टिचकी मारून पाहतो. मधोमध बोटाने टिचकी मारली की चांगला पट्टा कडक, छोटा आवाज देतो. सैल पट्टा नुसता थरथरतो. हे कोणत्या पुस्तकात नाही, पण अंधारात टॉर्चशिवायही कळते.

भुसा नेणाऱ्यांसाठी हा सल्ला पुरत नाही, कारण भुसा दाबला जातच राहतो. त्याला जाळी लागते आणि पट्टे दोनदा नव्हे, चार-पाचदा आवळावे लागतात. शिवाय माल ट्रॉलीच्या बाजूंबाहेर आला तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपयांचा दंड आहे. पोत्यांवर माणसे बसवणे तर पूर्णपणे टाळावे.

मंडीत माल उतरल्यावर पट्टे ट्रॉलीत तसेच सोडून देऊ नयेत. ते गुंडाळून गोदामात सावलीत टांगावेत, चुना आणि बॅटरीचे पाणी यांपासून दूर ठेवावेत आणि रॅचेटच्या सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडावेत. गंजलेले रॅचेट वाटेत फिरत नाही, आणि ते फिरले नाही की पुन्हा आवळणे राहूनच जाते.