जुन्या एमजीबी गाडीची पुढची काच बसवताना या चुका टाळा

माझी पहिली काच मी स्वतःच्या हाताने फोडली. ऑगस्टचे दिवस, फोंड्याच्या शेडवर पावसाचा नुसता ताशा वाजत होता आणि चवथीआधी गाडी रस्त्यावर काढायची घाई. उजव्या खांबाचे दोन्ही बोल्ट कचकचून आवळले. डावीकडचे भोक थोडे सरकलेले दिसले, तर म्हटले बोल्टनेच ओढून घेऊ. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा ‘टक्’ आवाज आला आणि खालच्या कोपऱ्यातून तडा वर चढत गेला. नवी काच येईपर्यंत चवथ कधीच होऊन गेली होती.

एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी (१९६२ ते १९८०), असेल तर हे नीट समजून घ्या. काचेच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीचे दोन्ही खांब बॉडीत उतरतात. तिथे प्रत्येक बाजूला दोन बोल्ट असतात, तेही डॅशबोर्डच्या खाली, हात जेमतेम पोचेल अशा जागी. मध्ये उभी कांब असते, जिच्यावर आरसा बसतो. हे सगळे आधी हातानेच दोन-तीन आटे फिरवून सैल ठेवायचे. मग दारे लावायची, दाराची पुढची छोटी तिकोनी काच आणि खांब यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघायचे, हूड, म्हणजे कापडी छप्पर, ओढून चौकटीला अडकवून बघायचे. हूड पोचत नसेल तर चौकट मागे-पुढे हलवायची संधी आत्ताच आहे, नंतर नाही. सगळे जुळले की एकदा डावीकडे थोडे, एकदा उजवीकडे थोडे, असे आवळत जायचे. मधली कांब सर्वांत शेवटी, आणि तीही फक्त ढिलाई जाईल इतकीच. खाली फट राहिली म्हणून त्या कांबीने चौकट ओढून बसवणारे मी पाहिले आहेत. चौकट वाकते, आणि काच वाकत नाही.

खांब आणि बॉडी यांच्यामध्ये पत्र्याच्या चकत्या निघतात. गंजलेल्या, रंगाने चिकटलेल्या, म्हणून कचरा समजून झाडून टाकल्या जातात. टाकू नका. कुठली किती आणि कुठल्या बाजूची ते पत्र्याच्या डब्यावर खडूने लिहून ठेवा.

बोल्टचे दुखणे वेगळेच. हार्डवेअरच्या दुकानात स्टेनलेसचा ८ मिमी बोल्ट हातात देतात, ‘हाच बसतो भाऊ’ म्हणतात. गाडीचे आटे मात्र इंची, यूएनएफ म्हणजे बारीक आट्यांच्या मापाचे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, दिसायला एकच. पण त्याला इंचाला २४ आटे आणि ८ मिमीच्या बोल्टला सव्वा मिमीची चाल, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर. एक-दोन फेरे फिरतो, मग अडतो, आणि पाना लावला की आतले आटे गेले. पान्यांचेही तेच: १/२ इंची पान्याच्या नटावर १३ मिमीचा पाना सैल बसून कोपरे गोल करतो. इंची पान्यांचा सेट घ्याच. नवा रंग मारलेली गाडी असेल तर आधी टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून भोकातला रंग काढा, नाहीतर बोल्ट तिरका जातोय की रंगात अडकतोय ते कळतच नाही. दोन लांब बोल्टची डोकी कापून ते वाट दाखवायला तात्पुरते लावले तर खांब आपोआप भोकासमोर येतो. एकट्याने काम करणाऱ्याला हा उपाय लाख मोलाचा.

आपल्याकडे गोव्यात मिरामार असो की बोगमाळो, हवेत मीठ आहे. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा स्क्रू कोरडा लावला की दोन पावसाळ्यांत पांढरी पावडर धरते, आणि चौकटीच्या कोपऱ्यातले स्क्रू मग डोके तुटूनच निघतात. जोडताना आट्यांना ड्युरालॅकसारखी गंजरोधक पेस्ट लावा. रबर चढवायला मात्र साबणाचे पाणी पुरे, ग्रीस नको. ग्रीसने रबर फुगते. खालची पट्टी चौकटीत ओढायला पट्टा आवळून धरा, हातोडी आणू नका.

काच बसली, तरी पाय भिजतात? लगेच काच काढू नका. एकाला टॉर्च घेऊन आत बसवा, दुसऱ्याने नळी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावी. बॉनेटच्या मागच्या, काचेपुढच्या जाळीत पाणी गेल्यावरच आत टपकायला लागले तर दोष काचेचा नाही. त्या जाळीखाली हवेचा हौद आहे आणि त्याची पाणी जाणारी नळी गिअरबॉक्सच्या बोगद्यात उतरते. आंब्याखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पानांनी तुंबते. मी दुसऱ्यांदा सगळे बोल्ट सोडवले तेव्हा पाणी तिथूनच येत होते. तारेच्या आकड्याने मूठभर कुजका पाला निघाला.