‘फ्री’ अरबीत लिहायचं असेल तर

इंग्रजीतला ‘फ्री’ अरबीत न्यायच्या आधी मराठीत सांगून पाहा. फुकट, स्वतंत्र, रिकामा, की अमुक एक नसलेला? चारही अर्थांना अरबीत वेगळे शब्द आहेत. भाषांतराच्या अ‍ॅपला नुसता ‘फ्री’ दिलात तर ते अर्थ आपल्या मनाने ठरवतं, म्हणून अख्खं वाक्य द्या.

फुकटसाठी ‘मज्जानी’. हे विशेषण नामानंतर येतं: ‘दुखूल मज्जानी’, म्हणजे मोफत प्रवेश. स्त्रीलिंगी नाम असेल तर ‘मज्जानिय्या’. हमखास घोळ होतो तो अनेकवचनात. वस्तूंच्या अनेकवचनाला अरबी व्याकरण स्त्रीलिंगी एकवचनासारखं वागवतं, त्यामुळे एक पुस्तक ‘किताब मज्जानी’, पण पुस्तकं ‘कुतुब मज्जानिय्या’. ‘मोफत मिळतं’ असं क्रियापदाला जोडायचं तर ‘मज्जानन’. मूळ धातूंनुसार लावलेल्या शब्दकोशात हा शब्द म-ज-न खाली सापडेल. शेजारीच ‘माजिन’ म्हणजे निर्लज्ज दिसेल, दचकू नका. बोलण्यात ‘बलाश’ही चालतं, पाटीवर मात्र नको.

स्वतंत्र म्हणजे ‘हुर्र’, स्त्रीलिंगी ‘हुर्रा’. मुक्त सॉफ्टवेअरला ‘बरमजिय्यात हुर्रा’ म्हणतात. तिथे ‘मज्जानिय्या’ लिहिलंत तर फक्त फुकट एवढंच उरतं, वापरण्या-बदलण्याचं स्वातंत्र्य गळून पडतं. विमानतळावरचं ड्यूटी-फ्री दुकानही ‘सूक हुर्रा’च. ‘हुर्र’ एकटा लिहू नका: स्वरचिन्हं सहसा लिहीत नाहीत, आणि तीच अक्षरं ‘हर्र’, म्हणजे उष्मा, अशीही वाचता येतात.

रिकाम्या जागेला ‘शागिर’: ‘मक्अद शागिर’, रिकामी खुर्ची.

शुगर-फ्रीला ‘खाली मिन अस-सुक्कर’ किंवा ‘बिदून सुक्कर’. दुसरा सोपा, कारण ‘बिदून’ लिंगानुसार बदलत नाही. ‘सुक्कर मज्जानी’ लिहिलंत तर साखर फुकट वाटताय असा अर्थ होईल.

छापण्याआधी अक्षरं तपासा. उजवीकडून डावीकडे लिपी न समजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती सुटी आणि उलटी पडतात. ‘मज्जानी’त पाच अक्षरं: मीम, जीम, अलिफ, नून, या. अलिफ पुढच्या अक्षराला जोडत नाही, त्यामुळे शब्द दोन तुकड्यांत दिसतो: उजवीकडे पहिली तीन जोडलेली, डावीकडे उरलेली दोन. पाचही सुटी दिसली, किंवा मीम डाव्या टोकाला आला, तर फाइल परत पाठवा.