पोटगीचे दोन-तीन आदेश हातात आहेत, पैसे मात्र येत नाहीत: वसुलीला कुठून सुरुवात करावी?

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बायकांच्या पिशवीत घटस्फोटाचा हुकूमनामा, डीव्हीचा (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा) अंतरिम आदेश आणि १२५ चा (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पोटगीच्या कलमाखालचा) निकाल असे तिन्ही कागद असतात, आणि पैसा एकाचाही आलेला नसतो. वसुलीचा अर्ज लिहिण्याआधी मी त्यांना एक तक्ता करायला लावते. एकेका महिन्याची ओळ, प्रत्येक आदेशाला एक रकाना, आणि शेवटी प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम. यूपीआयने तुटक आलेले पैसेही तारखेसह त्यात लिहायचे.

हे आधी करायचं कारण म्हणजे रजनेश विरुद्ध नेहा हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल. वेगवेगळ्या कायद्यांखाली पोटगी मागता येते, पण आधीचा दावा आणि त्यातला आदेश पुढच्या न्यायालयाला सांगावाच लागतो. मग ते न्यायालय आधीच्या रकमेची वजावट द्यायची का ते ठरवतं. समजा डीव्हीत दरमहा ८,००० मिळाले आणि नंतर १२५ मध्ये १२,००० ठरले. आता एकूण देणं १२,००० की २०,०००? उत्तर दुसऱ्या आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदात शोधायचं. ‘आधीच्या रकमेसह’ आणि ‘आधीच्या रकमेव्यतिरिक्त’ यांत दरमहा ८,००० चा फरक पडतो. तिथे काहीच लिहिलेलं नसेल, तर वसुलीआधी त्याच न्यायालयाकडून खुलासा करून घ्या. एकाच महिन्याची रक्कम दोनदा मागितलेली दिसली की समोरच्या वकिलाला तारखा लांबवायला आयतं कारण मिळतं, आणि तेवढे महिने घर चालवायची ओढाताण बाईच्याच वाट्याला येते.

पोटगी कोणत्या तारखेपासून, हेही आदेशात बघा. रजनेश निकालानुसार ती अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते.

तक्ता झाला की मार्ग निवडायचा. जुनं कलम १२५ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. यात वॉरंट निघतं, आणि तरीही रक्कम बाकी राहिली तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. धाक मोठा आहे, पण मुदत कडक: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. समझोत्याची बोलणी चालू आहेत म्हणून थांबलेल्या बायकांचे महिने असेच हातचे जातात, आणि ते बघताना जीव तुटतो. बोलणी चालू ठेवा, पण अर्ज आधी दाखल करा. आणि ‘आत जाऊन आला, आता देणं फिटलं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका; कैदेने थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच कुलदीप कौर प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ किंवा २५ खालच्या आदेशाची वसुली दिवाणी दरखास्तीने, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाने होते. इथे मुदत बारा वर्षांची. म्हणून जुनी थकबाकी या आदेशाखाली बसत असेल तर ती इकडे घ्या आणि ताजे महिने १४४ कडे ठेवा. पगारावर जप्ती मागता येते. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून सुटतो.

नवरा पगारदार असेल तर डीव्ही कायद्याचं कलम २०(६) विसरू नका. त्याने रक्कम भरली नाही तर मॅजिस्ट्रेट थेट मालकालाच ती बाईला द्यायला किंवा न्यायालयात भरायला सांगू शकतात.

प्रत्येक अर्जात बाकीच्या दोन्ही प्रकरणांचे क्रमांक लिहा आणि तक्ता शपथपत्रासोबत जोडा. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात गेला असेल तरी १४४ च्या आदेशाची अंमलबजावणी तो जिथे असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे मागता येते, आणि या आदेशाची प्रत विनामूल्य मिळते.