फ्लरी गाव बघायचं असेल तर

लक्झेंबर्गला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना गाडीने फ्रान्समधल्या व्हर्डनला मीच नेते. सगळ्यांना दुओमाँची अस्थिवास्तू, म्हणजे अनोळखी सैनिकांची हाडं ठेवलेलं स्मारक, बघायची घाई असते. मी आधी फ्लरीला थांबवते. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या व्हर्डनच्या लढाईत पुसली गेलेली नऊ गावं आहेत, त्यातलं हे एक. दोन महिन्यांत १६ वेळा फ्रेंचांच्या हातातून जर्मनांच्या आणि जर्मनांच्या हातातून फ्रेंचांच्या हातात गेलं.

पानगळ झाल्यावर जा, आणि सकाळी लवकर. ऊन तिरपं असलं की तोफगोळ्यांचे खड्डे उठून दिसतात, भर दुपारी नुसती हिरवळ दिसते, मग पाहुणे म्हणतात, "छान बाग आहे." बूट चांगल्या पकडीचे घाला, ओल्या गवतावर पाय सटकतो.

गल्ल्यांच्या जागी पायवाटा आहेत आणि घरांच्या जागी छोटे खुंट: इथे शाळा, इथे बेकरी, इथे शेतकऱ्याचं घर. एक खुंट धरा आणि तिथून शेजारचं घर शोधा. माझे बाबा शाळेपासून पावलं मोजत निघाले, मधल्या खड्ड्यापाशी थांबले आणि विचारलं, "गावाला पाटील आहे का अजून?" त्यांचं स्वतःचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलेलं, त्यांना तेच सुचणार. तर आहे. रहिवासी एकही नाही, पण सरकारनेमणुकीचा महापौर आहे.

आखलेली वाट सोडून रानात शिरू नका. जमिनीत न फुटलेले गोळे अजून निघतात, काहींत विषारी वायू. गंजकं काही दिसलं तर हात लावायचा नाही, पायाने उलटायचंही नाही. जागा लक्षात ठेवून पोलिसांना कळवायचं. मेटल डिटेक्टर तर गाडीतही नको. थोड्या अंतरावर स्पँकूरच्या जंगलात १९२८ मध्ये रासायनिक गोळे जाळले होते. तिथल्या मातीत आर्सेनिक इतकं, की मधल्या पट्ट्यात कित्येक वर्षं धड गवतही उगवलं नाही.

लढाईचं संग्रहालय शेवटी करा. ते गावाच्या रेल्वे स्टेशनच्या जागेवर आहे, हे आत जाण्याआधी पाहुण्यांना सांगा. आणि डबा घरून न्या. बेकरीच्या खुंटापाशी दर वेळी कुणीतरी पावाबद्दल विचारतंच.