लिनक्स मिंटवर प्रिंटर रुसला तर

माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. सातबाऱ्याच्या प्रिंटसाठी माणसं दारात उभी असताना प्रिंटर गप्प बसला, तरी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायच्या फंदात मी पडत नाही. आधी केबल. हबमधून काढून थेट संगणकाच्या मागच्या यूएसबी पोर्टात लावा आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही आज्ञा चालवा. जोडलेल्या यूएसबी उपकरणांच्या यादीत प्रिंटर नसेल तर दोष केबलचा, पोर्टचा किंवा खुद्द प्रिंटरचा. सॉफ्टवेअरला हात लावू नका.

नाव दिसतंय, पण कागद हलत नाही? मग कप्स (CUPS) ही प्रणाली बघा. लिनक्सवरची छपाई तीच सांभाळते. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:६३१’ हा पत्ता टाका (रोमन लिपीत, अर्थात) आणि ‘प्रिंटर्स’वर जा. तिथं बऱ्याचदा ‘पॉज्ड’ लिहिलेलं सापडतं. मधे कधीतरी गडबड झाली, रांग थांबली, आणि नंतर सगळं ठीक झालं तरी कुणी तिला सांगितलंच नाही! ‘मेंटेनन्स’च्या यादीतून आधी अडकलेली कामं रद्द करा, नाहीतर सुरू होताच जुने पंधरा सातबारे बाहेर पडतील. मग ‘रिझ्यूम प्रिंटर’. पासवर्ड मागितला तर संगणकाचाच द्यायचा.

एचपीच्या काही लेझर प्रिंटरांना एचपीलिप (एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) असूनही वेगळा प्लगइन लागतो. तो टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ (hp-plugin) चालवून उतरवा. एचपीलिपची आवृत्ती बदलली की पुन्हा.

एकाच प्रिंटरची दोन नावं दिसली तर दोन्हींवर चाचणी पान काढा. चालेल ते डिफॉल्ट करा.