बी किती खोल पडलं? खिशातल्या नाण्यानं मोजा

मृगाचा पाऊस झाला की नागपूरकडच्या वावरांत तिफणी आणि ट्रॅक्टर एकदमच उतरतात. त्या घाईत बी किती खोल जातंय हे बघायचं राहून जातं. पट्टी कुणी वावरात नेत नाही, पण दहाचं नाणं आणि एटीएम कार्ड खिशात असतंच. तेवढ्यावर भागतं.

दहाच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर. एक, दोन, पाचची नाणी वेगवेगळ्या मापांची निघाली आहेत, ती धरू नका. कार्डाची रुंदी 5.4 सेंटिमीटर, लांबी साडेआठ. हल्लीची पाचशेची नोट बरोबर 15 सेंटिमीटर लांब.

सोयाबीनच्या पहिल्या दोन ओळी झाल्या की पेरणी थांबवा. बी झाकलं गेलेल्या जागी माती एका बाजूनं हळूच सारा, दाणा हलू देऊ नका. दाण्याशेजारी नाणं उभं धरा. नाण्याची वरची कड जमिनीच्या पातळीला किंवा तिच्या जराशी खाली आली, तर खोली 3 सेंटिमीटरच्या आसपास आहे, उत्तम. नाणं वर डोकावत असेल तर बी उथळ पडलंय, दोन दिवस ऊन पडलं की ओल तुटेल. आता कार्डाची 5.4 सेंटिमीटरची बाजू उभी येईल असं ते दाण्याशेजारी धरा. ते सगळं मातीत बुडत असेल तर पेरणीचे दाते (मातीत शिरून बी सोडणारे फाळ) लगेच वर घ्या. सोयाबीन आपली डाळ, म्हणजे दाण्याच्या दोन फाकी, डोक्यावर घेऊन वर येतं. आपल्या काळ्या जमिनीवर जोराच्या सरीनंतर पापडी धरली की खोल गेलेल्या कोंबाची मान तिथंच मोडते. तुरीची डाळ मातीतच राहते, म्हणून तिला एवढा त्रास होत नाही. ही तपासणी प्रत्येक दात्याखाली करा, कारण एखादाच दाता खोल चालत असतो.

पऱ्हाटी (कापूस) टोबतानाही, म्हणजे काडीनं भोक पाडून बी लावतानाही, 3 ते 4 सेंटिमीटर पुरे. टोबणीच्या काडीला त्या मापावर खूण करून द्या, म्हणजे सगळ्यांच्या हातून सारखी खोली राहील.

सोयाबीनच्या दोन ओळींतलं 45 सेंटिमीटर अंतर म्हणजे लांबीनं तीन नोटा. आपली वीत एकदा नोटेवर मोजून ठेवा, माणसागणिक ती वेगळी भरते.

पण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीच नको. सरळ भिंतीचा डबा धुऱ्यावर मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी साचलेल्या पाण्यात काडी बुडवून ओली खूण नाण्याशी ताडा, मांडून ठेवा, डबा रिकामा करा. बादली वर पसरट असते, तिचं माप फसवतं.

काटोल, नरखेडकडं संत्र्याची कलमं घेणाऱ्यांनीही नोट जवळ ठेवावी. डोळा, म्हणजे कलम बांधल्याची जागा, जमिनीपासून दीड नोटेच्या आसपास उंच हवा. लावताना तो मातीखाली गेला तर डिंक्या रोगाला वाट मिळते.