आगोटीच्या यादीत डास, काजूच्या यादीत गोचीड

आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, यादी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. सुकी मासळी, कुळीथ, सोलं, जाडं मीठ, पडवीत रचलेली लाकडं, परतून घेतलेली कौलं. डासांचं काम याच यादीत बसतं, तेही पहिला पाऊस पडायच्या आधी. माकडताप पसरवणाऱ्या गोचिडाचं काम मात्र या यादीतलं नव्हे. ते दिवाळी सरली की हाती घ्यायचं आणि काजू संपेपर्यंत सोडायचं नाही. ‘पावसाळा आला, फवारणी करा’ अशा एकाच गाठोड्यात दोन्ही बांधली की एकही काम धड होत नाही, म्हणून इथे ती वेगळी सांगतोय.

आधी डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारापेक्षा घराभोवती साठलेलं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी पसंत करतो. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवून. पाणी आटलं तरी ती अंडी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणजे मेच्या उन्हात खळ्यात कोरडंठाक पडलेलं पिंपसुद्धा निर्धोक नाही. नुसतं उपडं करून भागत नाही. काथ्या घ्या आणि आतला काठ, विशेषतः पांढरी रेघ उठलेली असते तिथे, खरवडून घासा. आरोग्य खातं ज्याला ‘कोरडा दिवस’ म्हणतं तो आठवड्याला एकदा पाळायचा. आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा सात दिवसांच्या आत पाणी ओतलं की अळी अळीच राहते. वार कुठलाही धरा, पण तो घरातल्या एका माणसाच्या नावावर टाका. सगळ्यांचं काम म्हटलं की कोणीच करत नाही.

आता परड्यात एक फेरी मारा. करवंट्या आणि प्यायलेली शहाळी पालथी घालून जळणाच्या खोपीत न्या. पोफळीच्या गळलेल्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची आवरणं, उचला. एका विरीच्या खोबणीत तांब्याभर पाणी सहज राहतं आणि पाल्याखाली ती दिसतही नाही. लाकडांवर घातलेल्या निळ्या ताडपत्रीच्या खोलगट घड्या ताणून बांधा. कुंपणाचे आणि माटवाचे बांबू पेराच्या वर कापलेले असले तर वरच्या नळीत पाणी साठतं. एक तर पेराशीच कापा, नाहीतर नळीत वाळू भरा. पन्हळीत अडकलेला पाला काढा. फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि पाखरांसाठी ठेवलेली परळ तुम्हाला ठाऊकच आहेत. रबराची बाग असेल तर चीक काढणं थांबलेल्या दिवसांत झाडांना बांधलेल्या वाट्या उलट्या करून ठेवा. एका बागेत अशा शेकडो वाट्या असतात आणि पावसात प्रत्येक वाटी भरते. हे काम मजुरांवर सोडून विसरायचं नाही, स्वतः एक ओळ चालून बघायचं.

वाडीत सगळ्यात दुर्लक्षित असतं ते चाकरमान्यांचं बंद घर. मालक मुंबईला, टाकी अर्धी भरलेली, मागचा हौद उघडा, कमोडमध्ये पाणी. शेजारी कितीही कोरडे दिवस पाळोत, त्या एका घरातून डास उठत राहतात. एडिस फार लांब उडणारा नव्हे, पण शेजारचं घर त्याला दूर नाही. मे महिन्यात परत निघताना गाडीत सामान भरण्याआधी एवढं कराच: वरची टाकी पूर्ण रिकामी करा, झाकण घट्ट बसवा आणि वाहून जाण्याच्या नळीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा. फ्लशची टाकी मोकळी करून कमोडवर प्लास्टिक ताणून बांधा, नाहणीच्या मोरीचं भोक झाका, घंगाळ-हंडे पालथे घाला. किल्ली शेजारी ठेवता तेव्हा काकूंना ‘घराकडे लक्ष ठेवा’ एवढंच न सांगता मागचा हौद दाखवून ठेवा. चतुर्थीला आल्यावर आधी तीच भांडी घासायची, मग मखराकडे वळायचं.

विहिरीत आणि उपसता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं तर बहुधा मिळतात. ते अळ्या खातात. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, मात्र सोडू नका, तिथल्या आपल्या माशांना ते त्रासाचे ठरतात. सेप्टिक टाकीच्या उभ्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा, रात्री कानाशी गुणगुणणारे क्युलेक्स डास तिथून येतात. जळकं तेल ओतायची सवय काहींना असते. विहिरीच्या आसपास तरी ते नको.

धूरफवारणीची गाडी येऊन गेली की वाडीला बरं वाटतं. तो धूर उडणाऱ्या डासांना मारतो, पिंपातल्या अळ्यांना त्याचा काही फरक पडत नाही, आणि आठवड्याभरात नवी पलटण उठते. साथ भडकलेली असेल तर धूर हवाच, पण ग्रामपंचायतीकडे एकच मागणी करायची असेल तर कचरा उचलायची करा. घरात खिडक्यांना जाळ्या बसवा. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त, म्हणून दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळालाही मच्छरदाणी लावा. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळणं मला पटत नाही, तो धूर आपल्याच छातीत जातो.

आता दुसरी यादी. माकडताप हा गोचिडातून पसरणारा विषाणूचा ताप पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५७ साली, कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलाजवळ. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात पालीला त्याची साथ आली आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात केर गावात. हा विषाणू पसरवणाऱ्या गोचिडाचं वेळापत्रक पावसाच्या उलटं आहे. मोठे गोचीड पावसाळ्यात गुरांवर असतात, पावसानंतर पिल्लं निघतात आणि डिसेंबर ते मे या काळात मधल्या अवस्थेतले, खसखशीच्या दाण्याएवढे गोचीड पाल्यात असतात. माणसाला ताप देतात ते मुख्यतः हेच. नेमके याच महिन्यांत आपण काजू वेचायला वाकलेले असतो.

आणि पातेरा, म्हणजे सुका पाला, गोळा करायला. तरव्याच्या भाजावळीला, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन भाजायला, गोठ्यात गुरांखाली पसरायला आपण रानातून पातेऱ्याचे भारे डोक्यावरून आणतो. त्या भाऱ्यातून गोचीड घराच्या मागच्या दारापर्यंत पोचतो. जिथे माकडं मेल्याचं कळलं असेल त्या रानातला पातेरा त्या वर्षी आणूच नका. गुरांखाली भाताचं पिंजर घाला. काजूच्या झाडांखालचा पाला हंगामापूर्वी ओढून खालची जमीन उघडी ठेवा, घरापासून बागेपर्यंतच्या पाणंदीतलं गवत कापून काढा. बागेत जेवायला बसायचं तर पातेऱ्यावर बसू नका, दगड किंवा उलटी पाटी बघा.

बागेत जायचे कपडे वेगळे ठेवा: पूर्ण बाह्या, फिकट रंग, विजारीचे पाय मोज्यात खोचलेले, असले तर गमबूट. आरोग्य केंद्रातून गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल मिळतं, ते हातापायांना चोळून निघा. तेलकट वाटतं म्हणून बाटली फळीवर ठेवणारे बरेच आहेत. परत आल्यावर कपडे पलंगावर न टाकता थेट गरम पाण्यात भिजवा, साबणाने आंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण, कानामागे, केसांत बोटं फिरवून बघा. चिकटलेला सापडला तर बारीक चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. रॉकेल, चुना, पेटती काडी, काही नको. आणि नखांवर चिरडायची सवय तर सोडाच.

गोठ्यातही तसंच. गाईच्या कानामागून आणि कासेजवळून काढलेला फुगलेला गोचीड अंगणात फेकला की तो हजारोंनी अंडी घालतो. काढाल ते साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. गुरांचं औषध पशुवैद्यकाला विचारूनच, किती दिवस दूध वापरायचं नाही हेही तिथेच विचारा. ते औषध व्हाळात किंवा विहिरीशेजारी धुऊ नका, मासे मरतात. कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या पर्मेथ्रिनने मांजर दगावू शकतं.

रानात, बागेत मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, पुरायचाही प्रयत्न नको. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड उतरून आसपासच्या पाल्यात पसरतात. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. ते भोवतीच्या जागेवर कीटकनाशक भुकटी टाकतात. मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. वनखात्याचा आणि आरोग्य केंद्राचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा, बागेत रेंज नसते.

गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत एकदम भरून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणं. माकडतापावर खास औषध नाही, पण वेळेवर सलाइन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. शंभरातले तीन ते पाच दगावतात, तेव्हा घरी काढा पीत बसू नका. डेंग्यूची शंका असेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी तापाची गोळी, विशेषतः अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन, घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. मे महिन्यात काजूला येऊन परत गेलेल्यांचा ताप मुंबईत चढतो आणि तिथला डॉक्टर डेंग्यू-मलेरिया तपासून थांबतो. त्याला आपणहून सांगा: मी सिंधुदुर्गात काजूच्या बागेत होतो, अमुक तारखेपर्यंत.